गेजमध्ये बसते, रायफलीत अडकते: .३०८ च्या पुंगळीसाठी डाय निवडण्याचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, गेजमध्ये (माप तपासायच्या नळकांड्यात) अलगद बसते, पण रायफलीत अडकते.

रायफल .३०८ विंचेस्टर या काडतुसाची, एआर-१० धाटणीची, अर्धस्वयंचलित, मॅच (नेमबाजी स्पर्धेची) नळी बसवलेली. काडतुसं घरी भरलेली. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं पुन्हा भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. त्यामुळे तिथे हा गॅरेजमधला छंद आहे. भारतात शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. खडकीच्या किंवा वरणगावच्या कारखान्यात जे होतं ते घरच्या टेबलावर करायची सोय इथे नाही. म्हणून पुढचं सगळं अमेरिकेतल्या टेबलाचं आहे असं धरून वाचावं. आणि हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. या प्रकारच्या रायफलींत नेहमी दिसणारी लक्षणं एकाच रायफलीवर बसवून मांडली आहेत. मानक मापं अमेरिकेत सर्वमान्य असलेल्या नकाशांतली आहेत, बाकीचे आकडे अशा पुंगळ्यांवर येतात तसे, नमुन्यादाखल.

मापं इंचातच ठेवली आहेत, कारण तिथले तक्ते, डाय, गेज सगळं इंचात असतं. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडचे लेथवाले म्हणतात तसं इथे ‘थाऊ’ म्हटलं आहे. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर.

पुंगळीचे चार भाग ध्यानात असले की पुरे: गोळी धरणारी मान, मानेखालचा उतरता खांदा, लांब धड आणि जाड बुड. काडतूस उडालं की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकतं आणि दाब उतरला की किंचित आकसतं, पण मूळ मापावर परत जात नाही. रिसायझिंग डाय हा साचा. प्रेसच्या (हाताने चालवायच्या दाबयंत्राच्या) दट्ट्यावर बुडाची कड धरणारा शेल होल्डर, त्यात पुंगळी, वर डाय. पुंगळी आत दाबली की धड बारीक होतं, खांदा मागे सरकतो, मान आवळली जाते. मधली सळई जुना प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) पाडते आणि बाहेर येताना सळईवरचा गोळा मान आतून हव्या मापाला उघडतो.

तक्रार करणाऱ्या माणसाकडे साधा फुल-लेंग्थ डाय, म्हणजे पूर्ण पुंगळी दाबणारा साचा, होता. त्याच डायने तो बरीच वर्षं आपल्या बोल्ट-ॲक्शन (चेंबर बंद करणारा बोल्ट हाताने चालवायच्या) .३०८ साठी पुंगळ्या बसवत होता आणि कधी अडचण आली नव्हती. अर्धस्वयंचलित रायफल आल्यावर त्याने लष्करी वापरातल्या, एकदा उडालेल्या पुंगळ्या पोत्याच्या भावाने घेतल्या. बुडावर ‘एलसी’ म्हणजे मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याची खूण, शेजारी वर्तुळातली फुली म्हणजे नाटो मानकाची. अशा पुंगळ्या बहुतेक वेळा मशीनगनमधून उडालेल्या असतात. मशीनगनचं चेंबर मुद्दाम सैल ठेवतात, कारण तिथे धूळ, ताप आणि वेग यांपुढे अचूकतेला दुय्यम स्थान असतं. प्रकरणाचं मूळ या पोत्यातच होतं, पण ते शेवटी लक्षात आलं.

लक्षणं अशी. वीस काडतुसांच्या मॅगझिनमध्ये तीन-चार वेळा बोल्ट शेवटचा अर्धा सूत राहिला की थांबायचा. ट्रिगर ओढला तर काही व्हायचं नाही, आणि ते योग्यच, कारण बोल्ट फिरून कुलूप लागल्याशिवाय फायरिंग पिन प्रायमरपर्यंत पोचू नये अशीच रचना असते. हँडल ओढून काडतूस बाहेर यायचं नाही. मग रायफलीचा दस्ता जमिनीवर आपटत हँडल ओढायची वेळ यायची. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये रुतलेलं असताना हा प्रकार करणं वाईट. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला आणि तोंडावरून कुणाचाही हात, डोकं जाणार नाही एवढं तरी पाळावंच लागतं. एकाच बैठकीत दुसऱ्यांदा असं झालं तर त्या दिवशी गोळीबार थांबवून उरलेली काडतुसं घरी न्यावीत.

बोल्ट-ॲक्शनमध्ये ही तक्रार का नव्हती? दोन कारणं. एक, तिथे पुंगळ्या त्याच रायफलीतून उडालेल्या होत्या, म्हणजे त्याच चेंबरच्या मापाला फुगलेल्या. दोन, बोल्टचं हँडल खाली दाबताना तिरप्या खाचांमुळे हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. थोडी घट्ट पुंगळी माणूस नकळत दाबून बसवतो. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट पुढे ढकलते ती फक्त दस्त्यातली स्प्रिंग. ती काडतूस मॅगझिनमधून ओढते, चेंबरमध्ये सरकवते, पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, बुडाच्या कडेवर चढवते आणि एवढं झाल्यावर उरलेल्या जोरावर बोल्ट फिरवते. तिच्याकडे घट्ट पुंगळी दाबून बसवायला शिल्लक काही नसतं. म्हणूनच फक्त मान आवळणारा नेक डाय या रायफलींना चालत नाही. धड आणि खांदा प्रत्येक वेळी साच्यातून जायलाच हवेत.

पहिला संशय रायफलीवर गेला. चेंबर घासून साफ केलं, मॅगझिन बदलली, गॅस ब्लॉक तपासला. कारखान्यातली नवी काडतुसं घातली तर चाळीसच्या चाळीस सुरळीत चालली. म्हणजे रायफल निर्दोष. ही चाचणी सगळ्यात आधी करायला हवी होती. एक डबा खर्ची पडतो, पण अर्धा शोध तिथेच संपतो.

दुसरा संशय डायच्या बसवणीवर. इथे जे झालं ते बहुतेकांकडून होतं, म्हणून जरा थांबून पाहू.

डायच्या बाहेरचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४. म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की डाय ७१ थाऊ खाली येतो आणि एक थाऊ म्हणजे जेमतेम पाच अंश. घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या एका खुणेपेक्षाही कमी. डाय शेल होल्डरला नुसता टेकवून ठेवला होता. रिकाम्या प्रेसमध्ये टेकलेला दिसतो, पण पुंगळी आत दाबली जाते तेव्हा प्रेसची चौकट ताणते आणि डाय व शेल होल्डर यांच्यात फट पडते. मागे दिवा धरला की ती डोळ्यांनी दिसते. फीलर गेज सरकवून पाहिलं तर इथे ती ८ थाऊ निघाली. पुंगळीचं पितळ जितकं कडक तितकी फट मोठी.

म्हणून त्याने डाय आणखी पाव फेरा खाली घेतला. आता हँडल शेवटाला ‘कट’ करून पलीकडे जाऊ लागलं, फट मिटली. खांदा जवळजवळ तेवढाच मागे गेला. बुडापासून खांद्यावरच्या ०.४०० इंच व्यासाच्या रेषेपर्यंतचं अंतर कम्पॅरेटरने मोजतात. आधी ते १.६३० इंच येत होतं, आता १.६२२. चेंबरच्या गो गेजचं (ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) माप १.६३० आणि नो-गोचं (ज्यावर होऊ नये) १.६३४. म्हणजे पुंगळी आता सगळ्यात आखूड वैध चेंबरपेक्षाही आठ थाऊ आखूड झाली होती.

आणि तरीही काडतुसं अडकतच होती. कमी झाली, थांबली नाहीत.

इथे कागदावरचा साधा हिशेब कामाला येतो. .३०८ चं धड सरळ नळकांडं नाही, निमुळतं आहे. बुडापासून ०.२०० इंचावर मानक काडतुसाचा कमाल व्यास ०.४७०९ आणि खांद्यापाशी, १.५६ इंचावर, ०.४५३९. म्हणजे १.३६ इंच लांबीत १७ थाऊंचा उतार, इंचाला साडेबारा थाऊ. डाय ८ थाऊ खाली घेतला तर बुडाजवळचा व्यास कमी होतो थाऊच्या दहाव्या भागाइतका. बुड २ थाऊ बारीक हवं असेल तर याच डायला १६० थाऊ खाली जावं लागेल, आणि तोवर खांदा कुठे जाईल हे सांगायला नको. डाय फिरवून खांदा सरकतो, बुड बारीक होत नाही. शेल होल्डरचा माथा घासून डायला आणखी खाली जाऊ देण्याची युक्ती काही जण सांगतात. तिचाही हिशेब हाच.

त्यात डायच्या तोंडाला आतून गोलाई असते आणि शेल होल्डरचा माथा बुडापासून १२५ थाऊ वर असतो. त्यामुळे बुडाच्या लगतचा पट्टा साच्यात जातच नाही. नेमका हा पट्टा मशीनगनच्या सैल चेंबरमध्ये सर्वांत जास्त फुगतो, आणि तिथलं पितळ जाड असल्याने दाब सुटला की परत फुगतंही सर्वांत जास्त.

मग गेजने हे का पकडलं नाही? कारण त्याच्याकडचं विल्सनचं गेज त्या कामाचं नाहीच. ते खांद्याची जागा आणि पुंगळीची एकूण लांबी दाखवतं. धडाला ते मुद्दाम सैल असतं. गेजमध्ये ‘टक्’ करून बसलेली पुंगळी पाहून माणूस धडाबद्दलही निश्चिंत होतो. शेरिडनसारखी काही गेजं धडालाही किमान चेंबरच्या जवळपास कोरलेली असतात, ती असती तर पुंगळी तिथेच अडली असती. पण खरं गेज म्हणजे रायफलीचं स्वतःचं चेंबर.

त्या चेंबरला विचारायची रीत अशी. रायफल पूर्ण रिकामी. बोल्ट कॅरियर काढून बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर आणि पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर उतरवायचे, कारण इजेक्टरच्या स्प्रिंगचा दाब हाताला खोटी घट्टी भासवतो. साच्यातून काढलेली, प्रायमर नसलेली, रिकामी पुंगळी घ्यायची. तिच्यावरचं वंगण अल्कोहोलने पुसायचं आणि बुडापासून मानेपर्यंत काळ्या मार्करने रंगवायचं. पुंगळी बोटाने चेंबरमध्ये सोडायची, बोल्ट हाताने सावकाश पुढे नेऊन बंद करायचा, परत काढायची. जिथे घासली तिथला रंग जातो आणि पितळ चकाकतं.

इथे खांद्यावरचा काळा रंग जसाच्या तसा होता. मान काळी. धडाचा वरचा भाग काळा. आणि बुडाच्या वर, कडेलगतच्या खोबणीपासून बोटाच्या पेराच्या तिसऱ्या हिश्श्यावर, एक अरुंद चकचकीत कडं उठलेलं. एका बाजूला जास्त रुंद, दुसऱ्या बाजूला बारीक, कारण मशीनगनच्या चेंबरमध्ये पुंगळी एका बाजूला टेकून उडालेली असते आणि फुगीर भाग सगळीकडे सारखा नसतो. खांदा घासत असता तर डाय खाली घेणं बरोबर ठरलं असतं. कडं बुडाशी आहे म्हणजे डाय बदलायचा.

मग मोजमाप. इथे व्हर्निअर चालत नाही, थाऊच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारा मायक्रोमीटर लागतो. बुडापासून ०.२०० इंचावर खूण करून, पुंगळी फिरवत सगळ्यात मोठा व्यास घ्यायचा. या रायफलीतून उडालेल्या कारखानी काडतुसाच्या पुंगळ्या ०.४७०६. पोत्यातल्या, न दाबलेल्या, ०.४७३५ ते ०.४७४०. त्याच पुंगळ्या साध्या डायमधून काढल्यावर ०.४७१० ते ०.४७१३. मानक चेंबर तिथे किमान ०.४७१४ असतं. मॅच नळीचं चेंबर त्याच्या आसपास घट्ट कोरलेलं. उडालेली पुंगळी ०.४७०६ येते म्हणजे चेंबर त्याहून थोडंच मोठं, कारण पितळ अर्धा-एक थाऊ आकसून बाहेर येतं. ०.४७१३ ची पुंगळी तिथे स्प्रिंगच्या जोरावर जाणार नाही. शंभरातली काही ०.४७१० ची होती, ती गेली. म्हणून बिघाड अधूनमधून यायचा आणि माणूस गोंधळायचा.

निदान झाल्यावर पर्याय फारसे उरत नाहीत, तरी दुकानात गेल्यावर ते खूप दिसतात. बुशिंग डाय मान किती आवळायची ते बारकाईने ठरवायला छान, पण धड तेवढंच दाबतो. या तक्रारीला त्याचा उपयोग शून्य. आरसीबीएसचा एक्स-डाय पुंगळीची लांबी वाढू देत नाही, दर वेळी कापायचा त्रास वाचवतो. प्रश्न वेगळा. कार्बाइड डाय झिजत नाही आणि ओरखडे कमी पाडतो, पण बाटलीसारख्या आकाराच्या पुंगळीला कार्बाइडमध्येही वंगण लागतंच. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांप्रमाणे कोरडी दाबली तर ती तिथेच रुतून बसते. ॲनिलिंग, म्हणजे तापवून नरम करणं, दाबलेला खांदा परत पुढे येण्यावर चांगला उपाय आहे. बुडावर मात्र ते कधीच करायचं नसतं, कारण दाब पेलायला बुड कडकच हवं. नरम बुडाची पुंगळी माणसाला इजा करू शकते.

राहिले दोन रस्ते. एक, दुसऱ्या कंपनीचा साधा फुल-लेंग्थ डाय. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ‘फुल-लेंग्थ’ असं लिहिलेल्या दोन डायच्या आतल्या मापांत एखाद थाऊचा फरक सहज असतो. ओळखीत कुणाकडे दुसरा डाय असेल तर पाच पुंगळ्या त्यातून काढून मोजाव्यात. काम झालं तर पैसे वाचले. दुसरा रस्ता स्मॉल-बेस डाय. आरसीबीएस, रेडिंग वगैरे तो करतात. हा बुडाजवळ साध्यापेक्षा एक-दोन थाऊ जास्त दाबतो. रेडिंगचा स्मॉल-बेस बॉडी डाय फक्त धड आणि खांदा हाताळतो, मानेला हात लावत नाही.

इथे स्मॉल-बेस डाय घेतला आणि व्यास ०.४६९२ वर आला. कडं गेलं.

पण ‘अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे स्मॉल-बेस’ हा जो नियम दुकानातला माणूस पाठ म्हणून दाखवतो तो आम्हाला मान्य नाही. बऱ्याच अर्धस्वयंचलित रायफली नीट बसवलेल्या साध्या डायवर आयुष्यभर चालतात. स्मॉल-बेसची किंमत पितळ चुकवतं. पुंगळी दर वेळी जास्त फुगते, जास्त दाबली जाते, लवकर थकते. हँडलला जोर जास्त लागतो आणि रुतण्याची शक्यताही वाढते. या प्रकरणात तो पोत्यातल्या पुंगळ्यांना पहिल्या वेळी एकदाच वापरायचा ठरला. त्या एकदा या रायफलीतून उडाल्या की त्या तिच्या चेंबरच्या झाल्या. पुढच्या खेपेपासून साधा डाय, आणि दर खेपेला पाच पुंगळ्यांवर मायक्रोमीटर. ०.४७०० च्या खाली येत असतील तर स्मॉल-बेसला हात लावायचा नाही.

आता खांदा किती मागे. बोल्ट-ॲक्शनला एक-दोन थाऊ पुरतात, अर्धस्वयंचलितला तीन ते पाच. पण कशापासून तीन ते पाच? इथे एक फसगत आहे. अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्ट उघडतो तेव्हा नळीत थोडा दाब उरलेला असू शकतो, आणि एक्स्ट्रॅक्टर ओढत असताना खांदा किंचित पुढे ताणला जातो. त्यामुळे उडालेली पुंगळी चेंबरपेक्षा लांब मोजू शकते. या रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या १.६३४ ते १.६३६ अशा विखुरलेल्या आल्या. यांतल्या सर्वांत लांब पुंगळीवरून तीन थाऊ मोजले तर पुंगळी लांबच राहील.

म्हणून माप चेंबरकडूनच घेतलं. सुटा केलेला बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर-इजेक्टरविना. डाय मुद्दाम वर ठेवून पुंगळी दाबली, चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करून पाहिला. अडला. डाय साधारण पाच अंश खाली, पुन्हा. बोल्ट आपल्या वजनाने बंद होऊ लागला तेव्हा पुंगळी १.६३२ होती. हे या चेंबरचं खरं माप. त्यातून तीन-चार थाऊ वजा: १.६२८ ते १.६२९. कम्पॅरेटर आधी गो गेजवर शून्य करून घेतला, म्हणजे आकडे तुलनेचे न राहता खरे झाले. आटे फिरवत बसायचा कंटाळा असेल तर रेडिंगचे २ ते १० थाऊ जास्त उंचीचे शेल होल्डर मिळतात. डाय एकदा घट्ट टेकवून ठेवायचा आणि शेल होल्डर बदलून खांदा ठरवायचा. फट मिटलेली राहते, हा मोठा फायदा.

आणि आधीच्या त्या १.६२२ च्या पुंगळ्या? त्या १.६३२ च्या चेंबरमध्ये दहा थाऊ मोकळ्या. फायरिंग पिनचा ठोसा बसला की काडतूस पुढे सरकतं, धड दाबाने भिंतीला चिकटतं आणि बुड एकटं मागे बोल्टवर आदळतं. मधलं पितळ ताणतं, आतून खाच पडते. दोन-तीन खेपांत पुंगळी त्या खाचेत तुटते आणि वरचा अर्धा भाग चेंबरमध्येच राहतो. ज्या भरलेल्या होत्या त्यांतल्या गोळ्या ओढून काढून त्या रिकाम्या केल्या आणि पितळ भंगारात गेलं. अडकणाऱ्या काडतुसावर खांदा दाबत सुटण्याचा हा परिणाम. मूळ तक्रार राहते आणि वर दुसरी, जास्त धोक्याची.

दाबण्याची पद्धतही बदलली. हँडल शेवटाला नेऊन तीन-चार सेकंद धरायचं, पुंगळी खाली आणून अर्धी फिरवायची आणि पुन्हा दाबायची. मशीनगनच्या पितळाला ही दुसरी दाब हवीच. खांद्याच्या मापातला विखुरलेपणा तिने निम्म्यावर आला.

वंगण: एक भाग द्रव लॅनोलिन, बारा भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातल्या पाण्यात लॅनोलिन विरघळत नाही. पसरट डब्यात पन्नास-साठ पुंगळ्या, चार-पाच फवारे, डबा हलवायचा, थोडं मानेच्या तोंडात जाईल असं बघायचं. मग दहा मिनिटं थांबायचं. ओलं असताना दाबलं तर अल्कोहोल वंगणाला पुसून नेतं आणि पुंगळी रुतते. जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात, कारण द्रव दबत नाही. छोटा खळगा पुढच्या गोळीबारात निघून जातो, पण तो दिसला की हात आखडता घ्यायची खूण समजावी. एवढं करून एक पुंगळी रुतलीच. हँडलवर लोंबकळून कड उपटली की संपलं. सळई वर सरकवून, बुडात सात नंबरच्या ड्रिलने भोक पाडून, १/४-२० चे आटे कापून स्क्रूने ओढून काढावी लागते. पहिल्या पुंगळीला बोटाने थोडं सायझिंग वॅक्स जास्त लावलं असतं तर ही अर्ध्या तासाची कसरत टळली असती.

लांबी डायनंतर मोजायची, आधी नाही, कारण दाबल्यावर पितळ मानेकडे वाहतं. कमाल २.०१५ इंच, कापायची २.००५ ला. जास्त लांब मान चेंबरच्या टोकाला चेपली जाते आणि गोळीला धरून ठेवते, दाब वाढतो. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती पितळ चेपलेलं असतं. ते कातरून किंवा दाबून पसरवून (स्वेज करून) काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. प्रायमर बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच थाऊ गेलाच पाहिजे. या रायफलींत फायरिंग पिन मोकळी तरंगते, बोल्ट आदळताना प्रायमरला हलकी टोचते. भरलेलं काडतूस चेंबरमध्ये जाऊन परत काढलं तर प्रायमरवर बारीक ठिपका दिसतो, तो याचाच. वर उरलेला प्रायमर आणि पुरती न बसणारी पुंगळी एकत्र आली की कुलूप लागायच्या आधीच काडतूस उडू शकतं. सीसीआय ३४ सारखे लष्करी कडकपणाचे प्रायमर त्यासाठीच घेतले. लष्करी पुंगळीची भिंत जाड, आतली जागा कमी. दारूचं वजन छापील तक्त्याच्या सुरुवातीच्या आकड्यावरून पुन्हा वर न्यावं लागतं, जुन्या पुंगळीचा आकडा इथे चालत नाही.

मानेची पकडही तपासली. सळईच्या गोळ्यावरून बाहेर आल्यावर मान आतून ०.३०५ ते ०.३०६, गोळी ०.३०८. दोन-तीन थाऊंची पकड मिळाली. ती पुरेशी आहे का हे पाहायला दारू-प्रायमर नसलेलं नमुना काडतूस मॅगझिनमध्ये घालून बोल्ट पूर्ण जोराने सोडायचा आणि लांबी आधी-नंतर मोजायची. पाच वेळा केलं, एक थाऊच्या आत राहिलं. मानेचं तोंड गोळीवर चेपायची गरज लागली नाही.

पहिल्या खेपेला शंभर काडतुसं. एकही अडकलं नाही. पुंगळ्या बाहेर पडल्या त्या ०.४७०५ ते ०.४७०८, म्हणजे मशीनगनची ओळख पुसली गेली होती. दुसऱ्या खेपेला साधा डाय परत लावला, नव्या खांद्याच्या मापाला. त्यातून ०.४६९६ ते ०.४७००. बोल्ट अलगद. पोत्यातल्या उरलेल्या, अजून न दाबलेल्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी: ‘मशीनगन, स्मॉल-बेस’. दोन डबे एकत्र झाले तर सगळं पहिल्यापासून.

दर खेपेला प्रत्येक पुंगळीत आत टोकाला वाकवलेली पेपरक्लिप फिरवली जाते. टोक बुडापासून वर ओढत आणायचं. भिंत गुळगुळीत लागली तर ठीक, बुडाच्या थोडं वर टोक कुठे अडखळलं तर तिथे खाच पडायला लागली आहे. चौथ्या खेपेला तीन पुंगळ्यांत क्लिप अडखळली. त्यांतली एक करवतीने उभी कापली. आतून, जाड बुड संपून भिंत सुरू होते तिथे, नखाने लागेल एवढी चर पूर्ण वर्तुळभर गेली होती. बाहेरून फक्त एक फिकट रेघ. उरलेल्या दोघींची तोंडं पकडीने चेपून त्या भंगाराच्या डब्यात टाकल्या.